स्कारबेकच्या आकाशातलं कुंकू

परवा माझ्या नातीने फोन माझ्या नाकासमोर धरला. "आजी, हा चित्र बघ ना. सेम व्हिलेज आहे का, तुझ्या स्टोरीतला?" तिच्या मराठीत चित्रही पुल्लिंगी आणि गावही पुल्लिंगी. पूर्वी मी दुरुस्त करायचे. आता करत नाही, कारण दुरुस्त केलं की ती सरळ इंग्रजीत निघून जाते आणि मग परत येत नाही. फोनवर कुठल्याशा लिलाववाल्यांचं पान होतं आणि त्यावर खरोखरच स्कारबेक होतं. तोच कमानीचा दगडी पूल, तोच ओढा, चर्चचा बुटका मनोरा, पाणी प्यायला उतरलेल्या गायी, कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई, मागे डोंगराची लांबलचक पाठ आणि वर भरपूर आकाश. आकाश अगदी कोरं होतं. ते बघून मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं, की फोन हातात घेऊन मी चित्र मोठं करून पाहिलं. "आमच्या चित्रात इथे एक लाल ठिपका होता," मी म्हटलं. "सन होता?" नातीने विचारलं. "नाही गं. तुझ्या पणजीचं बोट होतं." ती हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतेय. तेव्हाच ठरवलं, की आठवणींच्या ह्या प्रकरणात फक्त त्या ठिपक्याचीच गोष्ट सांगायची.

आम्ही तेव्हा लीड्सला राहायचो. बाबा तिथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. नोकरी थोड्या थोड्या महिन्यांच्या मुदतीची, मुदत संपत आली की बाबांचं जेवण कमी व्हायचं आणि इस्त्री जास्त व्हायची. कुटुंबासाठी क्वार्टर मिळत नव्हतं, म्हणून आम्ही घर शोधत हिंडत होतो. फोनवर "येस डॉक्टर, सर्टनली डॉक्टर" म्हणणारी माणसं दारात आमचे चेहरे बघितले, की खोली आत्ताच गेली म्हणायची. आई तेव्हा राखाडी हातमोजे घालून बाबांच्या एक पाऊल मागे उभी असायची. तिला इंग्रजी फार येत नव्हतं, पण "आत्ताच गेली" हे तिला शब्द सुरू व्हायच्या आधीच कळायला लागलं होतं. मी रागीट मुलगी होते. अशा प्रत्येक दारातून परतताना मी बागेच्या फाटकाला लाथ मारायचे आणि बाबा ते फाटक पुन्हा नीट लावून घ्यायचे. मला त्या माणसांपेक्षा बाबांच्या त्या फाटक लावण्याचा जास्त राग यायचा.

शेवटी मिस थॉर्नलींनी आम्हाला घर दिलं. त्या मुलींच्या एका शाळेच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस. उंच, काठीसारख्या सरळ, आवाज न चढवता समोरच्याला गप्प करणाऱ्या. घराचा खालचा मजला त्यांचा, वरचा आमचा, जिना सामायिक. पहिल्याच भेटीत त्यांनी आईच्या लांब वेणीकडे बघून हे केस धुवायला गरम पाणी किती लागतं, असं विचारलं. बाबांनी खरं उत्तर दिलं की नाही, देव जाणे, पण आम्हाला खोल्या मिळाल्या. कागदबिगद काही केला नाही. "आपलं कसं जमतं ते बघू," एवढंच त्या म्हणाल्या. ह्या एका वाक्याने आमच्या घरात ठाण मांडलं. जमतंय ना, जमेल ना, हे बघण्यातच आमचं राहणं व्हायचं. आईचं शिवणयंत्र सतरंजीच्या दुहेरी घडीवर असायचं, म्हणजे खाली आवाज जाऊ नये. आम्ही तिघं घरात लोकरीचे जाड मोजे घालून चालायचो. फोडणी द्यायच्या आधी आई जिन्याच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायची आणि खिडकी उघडायची, बाहेर बर्फ असला तरी. खालून मिस थॉर्नलींच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकू यायच्या, आणि बातम्या चालू असताना बाबा शिंकसुद्धा दाबायचे. एकदा मिस थॉर्नलींनी मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, की तुमच्या बाथरूममध्ये पहाटेपासून काय ठिबकतंय. ते श्रीखंडाचं होतं, फडक्यात बांधून नळाला टांगलेलं दही. मी समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढचं वर्षभर आमच्याकडे श्रीखंड झालं नाही.

आता कुणी म्हणेल, की बाई काय वाईट होत्या. नव्हत्या, हेच तर आहे. माझं ओ-लेव्हलचं, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेचं, वर्ष होतं आणि मला इतिहासात काही अडलं तर त्या खाली बोलावून तासभर शिकवायच्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत शेगडीच्या वर ते चित्र होतं. स्कारबेक हे डोंगरातलं छोटंसं गाव, त्यांच्या आजीचं. विणायच्या सुईने त्या काचेवर टकटक करून दाखवायच्या: हे पुलाशेजारचं धुराडं दिसतंय ना, त्या घरात माझी आजी जन्मली. आणि ती मूल घेतलेली बाई आमच्याच घरातली असणार, असं आम्ही समजतो. शाळेच्या वर्गात पुराव्याशिवाय एक वाक्य बोलू न देणारी ही बाई त्या एका ठिकाणी मात्र "असणार" म्हणायची. त्या स्कारबेकला शेवटच्या गेल्या तेव्हा गावातल्या निम्म्या घरांना सुट्टीपुरती येणाऱ्या लोकांची कुलुपं होती. परत आल्यावर त्यांनी जायचं सोडून दिलं आणि चित्राची काच जास्त वेळा पुसायला लागल्या. असली चित्रं धातूच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापायचे आणि मग मुली टेबलाभोवती बसून त्यांत रंग भरायच्या, एकीने सगळी गवतं, दुसरीने सगळी छपरं, हे मी फार नंतर वाचलं. म्हणजे एकाच गावाच्या शेकडो प्रती आणि प्रत्येकीत हात वेगळा. नातीच्या फोनवरच्या प्रतीत त्या बाईची शाल निळी आहे. आमच्याकडे ती विटकरी होती. आमच्याकडे म्हणतेय मी, बघा.

त्या वर्षी खालच्या भिंतीला ओल आली. गिलावा खरवडायला माणसं आली, खिळा उपटताना चित्राची काच तडकली. मिस थॉर्नलींनी चौकट दुरुस्तीला पाठवली. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि त्यानंतर त्या बहिणीकडे समुद्रकाठी राहायला जाणार होत्या. खाली सगळीकडे चुना आणि धूळ. म्हणून जायच्या दिवशी त्या दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चित्र घेऊन स्वतः वर आल्या आणि ते आईच्या हातात दिलं. बाबांच्या नाही, माझ्या नाही, आईच्या. तुमच्याकडे कोरडं आहे, त्या म्हणाल्या, सपाट ठेवा, ओल्या हाताने धरू नका, दुसरं कुणाकडे ठेवायची माझी इच्छा नाही. मी भाषांतर करत होते, पण आईला माझी गरज नव्हती. ती त्यांच्या हातांकडे बघत होती. पुठ्ठे देताना त्यांची बोटं किंचित रेंगाळली होती. ही ह्यांची जिवापाड जपलेली वस्तू आहे, एवढं आईला पक्कं समजलं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

कारण दोन आठवड्यांनी दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला पाटावर काय काय मांडायचं, ह्याची आईची स्वतःची रीत होती. ज्याच्यामुळे घरात अन्न येतं ते, ज्याच्यामुळे विद्या येते ते. बाबांचा स्टेथोस्कोप, माझी कंपासपेटी आणि रसायनाचं पुस्तक, विळी, शिवणयंत्राची पेटी, सगळ्याला हळदकुंकवाचं बोट आणि एक फूल. झेंडू मिळायचा नाही, मार्केटमधून पिवळी शेवंती यायची. आपट्याऐवजी बागेच्या कुंपणाची पानं, तीही मिस थॉर्नलींना विचारून तोडलेली. कधी न विचारता पान न तोडणारी माझी आई त्या सकाळी मी आंघोळीला गेल्यावर कपाटापाशी गेली, पुठ्ठ्यांतून चित्र काढलं आणि पाटावर मधोमध ठेवलं. तिचा विचार सरळ होता, तो तिने नंतर सांगितला. डोक्यावर छप्पर ज्यांनी दिलं, त्यांच्या घरचं काहीतरी आज पूजेत हवं. आणि योगायोगाने त्यांची सगळ्यांत मोठी वस्तू आपल्याकडे आहे. तिला तर हे देवाने जुळवून आणलंय असं वाटलं. कागद कोरडा राहावा म्हणून तिने शिंपडलं काही नाही. ओल्या हळदीचं आणि त्यावर कुंकवाचं एकच बोट लावलं. खाली मजकूर होता, मध्ये घरं होती, म्हणून वर मध्यभागी लावलं. "गावाचं कपाळ तिथेच असणार ना," ती म्हणाली होती.

बाबा टाय बांधून बाहेर आले, हॉस्पिटलला निघायची घाई. हात जोडून पाटापुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं त्यांची पाठ धरली. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हे कुणी केलं?" आई नैवेद्याची वाटी घेऊन येत होती, पुऱ्यांचा वास येत होता, ती प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, "मीच. छान दिसतंय ना?" बाबा माझ्या आईवर कधी ओरडले नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि म्हणाले, "शालिनी, हे कागदावर आहे. काच नाहीये त्याला. हे आता जाणार नाही." आईच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. मला ते बघवलं नाही. मी चित्रातल्या आकाशाकडे बघत राहिले. धुराड्यांच्या वर, डोंगराच्या वर, पिवळ्या कडेचा लाल ठिपका, इतका नीट लावलेला, की जणू चित्रकारालाच तो हवा होता.

बाबांनी संध्याकाळी हॉस्पिटलातून कापूस आणि स्पिरिट आणलं. भूल देणारा माणूस, हात अत्यंत हलका. त्यांनी श्वास रोखून ठिपक्याच्या कडेला कापूस टेकवला आणि लाल रंग सुटून आकाशात गुलाबी ढग पसरला. बाबांनी कापूस खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. आई म्हणाली, हळद उन्हात उडते, पांढऱ्या कपड्यावरची उडते तशी ही पण उडेल. ते खरं होतं, पण ऑक्टोबरातल्या लीड्समध्ये ऊन कुठलं. जे काही फिकट ऊन यायचं ते सकाळी स्वैपाकघरात आणि दुपारी माझ्या खोलीत, तर आम्ही त्या गावाला ट्रेवर घालून खिडकीखिडकीने हिंडवलं. बाबांना उन्हाने निळा रंग उडेल अशी धास्ती, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याला भोक पाडून फक्त ठिपका उघडा ठेवला. हळद खरोखर गेली. कुंकू तसूभर हललं नाही. ते मिरजेहून आलेलं, मामाने खास पाठवलेलं कुंकू होतं.

"मिस थॉर्नली रविवारी येणार," बाबा म्हणाले. "आपण सांगायचं, ओल आली. कपाट बाहेरच्या भिंतीला आहे. डॅम्प तिथून आली."

"ओल लाल असते का?" आईने विचारलं.

"गंज. खिळ्याचा गंज. गंज तांबूसच असतो."

"अहो, पण तसं झालं नाहीये."

"शालिनी, माझं काँट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय. नंदाची परीक्षा समरमध्ये. ह्या घरातून गेलो तर कुठे जायचं, ते सांग. तू सांग. पुन्हा ती दारं वाजवत फिरायची?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर आई फळीवरचे स्टीलचे डबे उतरवून, घासून, एकात एक बसवून ठेवत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मसाल्याचा डबा तेवढा वर होता, कारण तो रोज लागतो. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज वरणभातच झाला, फोडणीशिवाय. जेवताना भांड्यांचासुद्धा आवाज यायचा नाही. मला बाबांचा राग येत होता, कारण ते खोटं बोलणार होते. आईचा राग येत होता, कारण तिने विचारलं का नाही. आणि मिस थॉर्नलींचा येत होता तो कशाबद्दल, ते मला सांगता आलं नसतं. मी रसायनाचं पुस्तक उघडायचे आणि त्याच्या पहिल्या पानावरचं हळदकुंकू बघून मिटायचे. ते पुस्तक शाळेचं होतं आणि दरवर्षीच्या पुस्तकांवर तसं बोट असायचं. वर्षअखेर मी ते पान पुस्तकासकट परत करायचे आणि शाळेत कधी कुणी काही विचारलं नव्हतं. सगळ्या वस्तूंना कुणी ना कुणी जीव लावलेला नसतो, हे त्याचं कारण असावं.

मिस थॉर्नली रविवारी आल्या नाहीत, शुक्रवारीच आल्या. मी शाळेतून आले तर खालच्या पॅसेजमध्ये त्यांची बॅग, आणि त्या एका डोळ्यावर काळं भिंग लावून नव्या गिलाव्यावरून हात फिरवत होत्या. "नंदा, तुझ्या आईवडलांना सांग, चार वाजता मी स्कारबेक न्यायला वर येते. चौकट तयार आहे." मी जिना चढले. बाबा नाइट ड्यूटी करून झोपले होते. मी उठवलं तसे ते काही न विचारता उठले, दाढी केली, कडक कॉलरचा शर्ट घातला, टाय बांधला. मिस थॉर्नलींसमोर ते कधीही टायशिवाय गेले नव्हते, दुधाच्या बाटल्या ठेवायलासुद्धा. आईने साडी बदलली. मग आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहिलो. पुठ्ठे टेबलावर होते. जिन्यावर काठीचा आवाज यायला लागला.

त्यांनी बसायला नकार दिला. पुठ्ठा उचलला, भिंगाचा डोळा मिटून चांगल्या डोळ्याने पाहिलं. खाली बसस्टॉपवर मुलं ओरडत होती, तेवढाच आवाज. त्यांचं बोट ठिपक्यापर्यंत गेलं आणि न टेकता मागे आलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण गळ्याजवळची शीर हलताना मला दिसली.

"आय ॲम टेरिबली सॉरी, मिस थॉर्नली," बाबा म्हणाले. ते सगळं एका दमात म्हणाले, कपाट, बाहेरची भिंत, ओल, खिळा, गंज. त्यांचं इंग्रजी फार चांगलं होतं आणि त्या दिवशी तर ते अगदी घोटीव होतं. आपला बाप किती सफाईने खोटं बोलतोय, असं वाटून माझे कान तापले.

"डॉक्टर केळकर," मिस थॉर्नली म्हणाल्या, "मी आयुष्यभर शाळा चालवली आहे. ओल गोल येत नाही." त्यांनी चित्र खाली ठेवलं. "मला वाटतं, तुम्ही दुसरीकडे जागा बघावी हे उत्तम. ख्रिसमसपर्यंत वेळ घ्या."

झालं. ज्याला आम्ही इतके दिवस भीत होतो ते वाक्य झालंसुद्धा, आणि ते किती लहान होतं. बाबांनी मान डोलावली. फाटक लावून घेताना डोलवायचे तशीच. मला किंचाळावंसं वाटलं. तेवढ्यात आई टेबलाच्या ह्या बाजूला आली. तिने उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं, वर्गात मुली करतात तसं, आणि ते मिस थॉर्नलींना दाखवलं.

"नो डॅम्प," आई म्हणाली. "आय. माय फिंगर. ही सेज डॅम्प. नो. आय."

"शालिनी," बाबा म्हणाले.

"थांबा हो. नंदा, सांग त्यांना. नीट सांग, गाळू नकोस काही. म्हणावं, त्या दिवशी आमचा सण होता. ज्यांच्या जिवावर आपलं चालतं त्या वस्तूंना आम्ही कुंकू लावतो. ह्यांचं डॉक्टरीचं सामान, तुझी पुस्तकं. आम्हाला घर बाईंनी दिलं, म्हणून त्यांची वस्तू मी मध्ये ठेवली. खराब करायची म्हणून नाही, मान द्यायचा म्हणून लावलं."

मी सांगितलं. गाळलं नाही काही. एकदा 'मान' ह्याला शब्दच सुचेना, मग मी "टु ऑनर इट" म्हटलं आणि मला रडू आलं. मिस थॉर्नली आईच्या बोटाकडे बघत होत्या. आईने ते अजून खाली घेतलं नव्हतं.

"हे तुमच्या आईने मला आधी विचारायला हवं होतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पान तोडायला विचारतात. हे विचारलं नाही."

"हो," भाषांतराची वाट न बघता आई म्हणाली. "येस. आस्क. आय नो आस्क." आणि तिने बोट खाली घेतलं.

मग मिस थॉर्नली बाबांकडे वळल्या. त्या रागावलेल्या होत्या, पण नुसत्या रागावलेल्या नव्हत्या. "तुमच्या बायकोची चूक मला समजली. तुमची समजत नाही. तुमच्यावर भरवसा ठेवून लोक ऑपरेशनच्या टेबलावर डोळे मिटतात. एका चित्रासाठी तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात?"

बाबांनी टायच्या गाठीला हात लावला, ती नीटच होती. मग ते इतक्या खाली आवाजात बोलले, की मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. "बिकॉज आय ॲम अफ्रेड ऑफ यू."

"ऑफ मी?"

"एव्हरी डे, मिस थॉर्नली."

तो सफाईदार इंग्रजी बोलणारा माणूस नव्हताच तो. मी बाबांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता, पुढेही एकदाच ऐकला, त्यांच्या शेवटच्या आजारपणात. मिस थॉर्नलींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांची नजर आमच्या खोलीतून फिरायला लागली. दुहेरी सतरंजीवरचं शिवणयंत्र. दाराच्या फटीपाशी ठेवलेला टॉवेल. आमच्या तिघांच्या पायांतले जाड मोजे. एकात एक बसवून बांधायला ठेवलेले डबे. त्या हुशार बाई होत्या, त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एक एक वस्तू बघताना त्यांचा तो सरळ चेहरा हळूहळू कसा उतरत गेला, ते मी पाहिलं, आणि माझा त्यांच्यावरचा राग त्या क्षणी गेला. आज मी त्यांच्या वयाची आहे. आपल्याच घरात, आपल्याच डोक्यावर, माणसं आपल्याला घाबरून इतके दिवस पाय न वाजवता चालत होती, हे कळणं काय असेल, त्याची मला आता कल्पना येते.

"जागा बघण्याबद्दल मी जे बोलले, ते मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथेच राहायचं आहे." मग पुठ्ठे एकावर एक ठेवत आईला म्हणाल्या, "मिसेस केळकर, चित्राबद्दल मी रागावलेली आहे आणि बहुतेक रागावलेलीच राहीन." आईने मान हलवली, जणू हे रास्तच होतं. त्यांनी चित्र काखेत घेतलं. मी मदतीला पुढे झाले तर नको म्हणाल्या. काठी एक एक पायरी करत खाली गेली.

आम्ही तिथेच उभे होतो. बाबांनी टाय सोडवला आणि खुर्चीत बसले, टाय हातातच. आईने माझ्याकडे पाहिलं. "बाबा शेवटी काय म्हणाले गं त्यांना? हळू बोलले ते?"

बाबा समोरच बसले होते. तिने त्यांना नाही विचारलं, मला विचारलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मला थांबवलं नाही, ते टायची घडी घालत राहिले.

"म्हणाले, मला तुमची भीती वाटते," मी सांगितलं. "रोज वाटते, म्हणाले."

आई सावकाश त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. लग्न होऊन इतकी वर्षं ती ह्या माणसाच्या एक पाऊल मागे उभी राहिली होती, पुढे उभा आहे त्याला कशाचीच भीती नाही ह्या भरवशावर. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आधी नवल वाटल्यासारखी, मग फार मायेने.

"अहो," ती म्हणाली, "मला वाटायचं, मी एकटीच."